मुठीतली अळी

तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि उगाच नाही. सुक्या अंजिरांच्या त्या गोदामात बाई घडीभर एका जागी टेकलेली कुणी पाहिली असेल तर शपथ! अंजिरातली कीड मारायचं काम तिचं. थोडका माल असला तर गरम खोलीत दोन तास, ढीगभर असला तर उणे अठरा अंशांच्या थंड खोलीत चार दिवस. औषध नाही, धूर नाही.

त्या सकाळी मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ट्रक दाराशी घरघरत होता आणि तिला आत्ता आठवलं, आपण थंड खोलीत खोकी एकमेकांना चिकटवून रचली. मध्ये चार बोटं फट ठेवली तरच गारठा आतपर्यंत पोचतो, हे सगळ्यांना शिकवणारी तीच. पण माल जास्त, जागा कमी; म्हटलं, चालतंय एवढं. डोंबलाचं चालतंय!

गेल्या वर्षी हीच चूक तिच्या जावेनं केली होती. माल किडका निघून परत आला. "हलगर्जी आहे हो ती," असं मालकांना हिनंच ठणकावून सांगितलं आणि जावेची नोकरी गेली. तेव्हापासून एका स्वयंपाकघरात दोघी एकमेकींकडे पाठ करून वावरतात.

मालकांनी मधलं खोकं काढून एक अंजीर उकललं. आत अळी, काडीसारखी ताठ.

"मेली की! भरा रे ट्रक."

"थांबा मालक. गारठलेली अळी मेल्यासारखीच दिसते. ऊब देऊन बघते."

"बघ. पण ध्यानात ठेव, यंदा ज्याची चूक तो घरी."

ही तिची नेहमीची परीक्षा. अळी तळहातावर घेऊन तिनं मूठ मिटली आणि येरझाऱ्या सुरू केल्या. दारापर्यंत, वजनकाट्यापर्यंत, परत दारापर्यंत. मर गं बाई, मर एकदाची! ड्रायव्हरनं हॉर्न ठोकला. पाच मिनिटं झाली, काही नाही. तिला जरा हायसं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात तळहाताला गुदगुल्या झाल्या.

मूठ जरा आवळली असती तरी भागलं असतं. कुणाला कळणार होतं?

"काय, मेली ना?"

तिनं मूठ उघडली. लाजेनं मान वर होईना.

"जिवंत आहे. खोकी मीच चिकटवून रचली होती. मला काढा नाहीतर ठेवा, पण माल पुन्हा चार दिवस आत घाला. आणि रचायला माझ्या जावेला बोलवा, मालक. ती आता फट ठेवायला विसरायची नाही."