निपाणीच्या रस्त्यांवरचं जहाज

समुद्रापासून एवढ्या लांब राहून रोज जहाज चालवणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या आत्याचा नवरा आहे. आमचे आतोबा मालवाहू जहाजांवर अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर निपाणीत घर बांधलं, स्कूटर घेतली, आणि तेव्हापासून हा माणूस रस्त्यानं चाललाय की खाडीतून, हे निपाणीकरांना कळेनासं झालं.

त्यांची उमर रडारच्या पडद्यासमोर गेली. धुक्यात समोरचं जहाज म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. तो कसा सरकतोय हे बघायचं आणि वेळेत बाजूला व्हायचं. ठिपका जवळ येतोय आणि त्याची दिशा मात्र बदलत नाही, म्हणजे टक्कर ठरलेली. हा नियम आतोबांनी जमिनीवर आणला आणि म्हशी, टेम्पो, पाहुणे, सगळ्यांना लावला. एका लग्नात आमचे एक लांबचे नातेवाईक, ज्यांना स्वतःच्या गुडघेदुखीची कथा साद्यंत सांगायची खोड, मांडवाच्या त्या टोकाहून गर्दी कापत निघाले. आतोबांनी जिलेबी चघळत त्यांच्यावर नजर ठेवली, "दिशा बदलंना" एवढंच पुटपुटले आणि आचाऱ्याच्या चुलीमागून पसार झाले. गुडघे माझ्या वाट्याला आले.

वळायचं तर लवकर आणि ढळढळीत वळायचं, हा दुसरा नियम. जरा जरा वळलं तर समोरच्याच्या रडारला पत्ता लागत नाही म्हणे. शिवाय समुद्रात समोरासमोर आलेली जहाजं उजवीकडे वळतात. त्यामुळे तंबाखूचा ट्रॅक्टर समोरून आला की आतोबा लांबूनच असे ठळक उजवीकडे वळत, की रस्ता ओलांडून थेट कुणाच्या तरी अंगणात. ट्रॅक्टरवाला ब्रेक दाबून त्यांचा उद्धार करी, आणि हे वाळत घातलेल्या शेवयांमध्ये उभे राहून त्यालाच विचारत, "अरं, मी वळल्यालं तुला लांबनं दिसलं का न्हाय?" दिसलं होतंच की, म्हणून तर दोघं जिवंत होते! धुकं पडलं की ठरावीक वेळानं लांबलचक हॉर्न. कोगनोळीच्या रस्त्यावरचे दूधवाले त्याला सरावले होते.

मागच्या सीटवर आत्या. ती शहापूरची, विणकरांच्या घरातली. तिचं लहानपण चालत्या मागावर तुटलेला धागा हेरण्यात गेलं. पुढे पुढे तीही मागून बोलू लागली. "अवो, डावीकडं म्हस. जवळ यायलीया." या माणसानं बायकोलाही खलाशी करून सोडलं, म्हणून आम्ही हसायचो. खरं कारण मला उशिरा कळलं. आतोबांना काचबिंदू झाला होता. समोरचं दिसे, पण बाजूचं विझत चाललं होतं. त्यांच्या पुण्यात राहणाऱ्या मुलानं आधीच बजावून ठेवलं होतं, की डोळ्यांनी दगा दिला की निपाणीचं घर बंद, दोघांनी माझ्याकडे यायचं. ते घर सोडायचं नव्हतं म्हणून बाजूचं आत्या बघत होती, आणि दोघं मिळून एक धडधाकट माणूस असल्यासारखी बाजार करून येत होती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. कुणाला उडवलं असतं म्हणजे?

मुलाच्या कानावर हे गेलंच. तो आला तेव्हा मीही तिथं होतो. त्यानं वाद घातला नाही. बाबा, मला बाजारात सोडा, मी मागं बसतो, एवढंच म्हणाला. मागं जागा एकाचीच. आत्या पायरीवर पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. आतोबांनी किल्ली लावली, स्टँड काढला आणि तसेच थांबले. मग स्कूटर परत स्टँडला लावली.

"बाजूचं मला दिसत न्हाय रं," ते म्हणाले. "रडार बंद पडल्यालं लपवून जहाज हाकायचं नसतंय. मी हाकलं. चुकलं माझं."

मुलानं किल्लीसाठी हात पुढे केला. आतोबांनी ती आत्याच्या हातात ठेवली. जहाजावर पहारा बदलताना सांगतात तसं तिला सगळं नीट सांगितलं: पेट्रोल किती आहे, मागचा ब्रेक ढिला आहे, कोपऱ्यावरच्या घरातली पोरं न बघता पळत येतात. आत्यानं ऐकून घेतलं आणि मुलाकडे वळली.

"मी शिकते गाडी. पुण्याला न्हाय येत आमी."

मुलगा हसला. आपण एकटेच हसतोय हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

आत्या खरंच शिकली. आता बिनगिअरची गाडी आहे आणि मागच्या सीटवर आतोबा. त्यांना आता समोरचंही फारसं दिसत नाही, पण पहारा सुटलेला नाही, कानानं बघतात. परवा बोरगावच्या वाटेवर मी त्यांच्या मागोमाग होतो. कुठंतरी पिठाची गिरणी धडधडत होती. आतोबांनी आत्याच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "उजवीकडनं ट्रॅक्टर यायलाय."

"व्हय, दिसला," आत्या म्हणाली, आणि वेग कमी करून तिनं त्या रिकाम्या रस्त्याला वाट दिली.