शनिवार पाळणारे घोडे

चहाचे कप आधी खाली ठेवा बाई. हसताना कुणाच्या साडीवर सांडला तर मी जबाबदार नाही. जन्मभर मी दुसऱ्यांच्या फजित्या केल्या, पण अरादला माझी झाली तशी वैऱ्याची होऊ नये.

माझी नात शुला. तिनं मोरोक्कोवाल्या यहुद्यांचा पोरगा पसंत केलेला. त्याचा बाप अल्बेर, इस्रायलच्या वाळवंटात, अरादच्या बाहेर घोडे पाळायचा. आम्ही दोघी आमच्या किर्यात मलाखी गावाहून बस धरून गेलो, सोयरीक ठरवायला. वाटभर मी उत्तरं जुळवत होते. का म्हणून काय विचारता? त्या दिवसांत लग्न म्हटलं की आम्हा बेने इस्राएलांना, कोकणातून आलेल्या यहुद्यांना, हटकून विचारायचे, तुम्ही खरे यहुदी कशावरून? म्हणून हिब्रूतला एक शब्द मी पक्का घोकून ठेवलेला. गेझा. म्हणजे वंश.

शुला आत स्वयंपाकघरात गेली. अंगणात मी नि अल्बेर. पुदिन्याचा चहा आला. मेल्यानं पहिल्याच घोटाला विचारलं, "सावता, तुमच्या इंडियातला तो गेझा किती जुना?" सावता म्हणजे आजी.

झाली ना सुरवात! मी पदर खोचला. "दोन हजार वर्षं."

"मूळचा कुठला?"

"इथलाच. बोटीनं गेला. अलिबागजवळ बोट फुटली, सात नर नि सात माद्या तेवढ्या वाचल्या." आता माझं हिब्रू अर्धकच्चं. बाप्ये-बायका म्हणायचं तिथं नर-मादी म्हणून गेले.

तिथल्यांशी मिसळले का, विचारतो. कधीच नाही, म्हटलं. मग काम काय करायचे?

"तेलाचा घाणा चालवायचे. पण शनिवारी मेले तरी पाय हलवायचे नाहीत." शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही.

अल्बेर उठून उभाच राहिला. "शनिवारी? आपणहून?"

"मग काय, कुणी बांधून ठेवत होतं?"

गड्याच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, जिंकली!

मग म्हणतो, त्यांचे कान आत वळलेले असतात म्हणे. मी रुमाल सारून दोन्ही कान दाखवले. घे, बघ, सरळ आहेत. तो जरा बावचळला. हळूच म्हणाला, वय दातांवरून कळतं ना? मी आऽ केला. वरचे माझे, खालचे दवाखान्याचे.

तर म्हणतो कसा, "मला त्यातली एक तरुण मादी हवी. लाथा न मारणारी."

मी चप्पलच काढली. माझ्या शुलाला मादी म्हणतोस?

आरडाओरडा ऐकून शुला धावत आली. दोघांचं ऐकलं नि हसत हसत जमिनीवरच बसली. "आजी, दाय! पुरे! गेझा घोड्यांचा पण असतो गो!" इंडियात वळलेल्या कानांची जुनी जात आहे, असं अल्बेरनं पेपरात वाचलेलं. बिचारा मघापासून घोड्यांचं विचारत होता.

चप्पल हातात तशीच. सोयरीक मोडलीच म्हणून धरा. तरी जीव मुठीत धरून विचारलं, "मग आमची मुलगी?"

"मुलगी फाटकातून आत आली तेव्हाच पसंत केली," अल्बेर म्हणाला. "आता एवढाच विचार करतोय सावता, तुम्हाला कुठं बांधू."