फिकटराव आणि घासलेली पट्टी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या घरजावयाला सगळे फिकटराव म्हणतात. पाठीमागे म्हणतात; तोंडावर म्हणणारा मी एकटाच. पुढच्या खोलीत त्याचं लेझरचं यंत्र आहे. स्टीलच्या वस्तूंवर नावं, आकडे उमटवून देतो. गिऱ्हाइकांना हवी काळी कुळकुळीत अक्षरं, आणि ह्याचा हट्ट फिकटच काढायचा. आधी पंपांच्या कारखान्यात होता. तिथे अक्षरांपाशी गंजून परत आलेला माल बघून बघून त्याने धसकाच घेतलाय.

"काका, स्टेनलेसवर न दिसणारी साय असते. तीच गंज अडवते. लेझरने फार तापवलं की अक्षर काळं होतं, पण साय बिघडते."

"सासूबाईंच्या दुधावरच्यासारखी?" मी विचारतो. तो यंत्राचं झाकण आपटतो.

दातांच्या डॉक्टरीणबाई त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "चिमट्यांवर आकडे काळेच हवेत, नाहीतर दुसरीकडे देते," असं बजावून गेल्या. काळे काढले तर चिमटे जंतू मारायच्या रोजच्या वाफेत गंजणार आणि खापर ह्याच्यावर. नाही काढले तर काम हातचं जाणार. बिचाऱ्याचं जेवणावरून लक्ष उडालं.

शेवटी त्याने पुरावाच करायला घेतला. स्टीलच्या एका पट्टीवर काळे आकडे, एकीवर फिकट. दोन्ही मिठाच्या पाण्यात घालून ताटली खिडकीत ठेवली. हळूहळू काळ्या आकड्यांच्या कडेने तांबडं फुटलं. फिकट पट्टी जशीच्या तशी. गडी खूश! बाईंना बोलावणं धाडलं.

त्या आल्या तेव्हा मी सहज पेपर मागायला गेलो होतो. फिकटरावाने ऐटीत ताटली उचलली आणि त्याचा चेहराच पडला. पाणी गायब, दोन्ही पट्ट्या लखलखीत.

"काळीला काय झालंय? छान तर दिसतेय," बाई म्हणाल्या. "असेच आकडे काढा."

"अहो, गंजली होती! काल मी स्वतः पाहिली!"

"मग गंज गेला कुठे?"

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी घासली हो! बाहेरचं माणूस येणार आणि खिडकीत गंजकं सामान? घासून घासून मनगट गेलं माझं. ती दुसरी मात्र गुणी, नुसती विसळली."

"आई!" जावई ओरडला.

बाईंनी दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. "म्हणजे माझ्या नर्सने रोज चिमटे घासत बसायचं? नको रे बाबा. फिकटच काढा, पण जरा मोठे."

काम वाचलं. जाताना बाई आभार मानून गेल्या, सासूबाईंचे.

"मी इतके दिवस घसा फोडला ते पटलं नाही," फिकटराव पट्टीकडे बघत धुमसला, "आणि ह्यांनी पुरावा घासून टाकला तर पटलं! काका, हसू नका."

मी कुठला हसतोय? मला आधी वर माझ्या घरी पोचायची घाई होती.