वीणेचा पहारा

“खाली ठेव ती. पाटावर ठेव. गोमूत्र शिंपडू, मग मी घेईन.”

मास्तर बोलत होते माझ्याशी, पण बघत होते मंडपाच्या खांबाकडे. नुकतीच आंघोळ झालेली, कपाळाला बुक्का, खांद्यावर धुतलेलं उपरणं. आणि त्यांच्यासमोर मी. चांभाराची पोर, सोळा-सतरा वर्षांची, आईच्या विटक्या साडीत. गळ्यात देवाची वीणा.

ज्यांना सप्ता ठाऊक नाही त्यांना सांगते. सात दिवस आणि सात रात्री देवासमोर नाव चालू राहतं. एक जण वीणा गळ्यात घालून उभा असतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, त्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. मग पहिला त्याच्या पाया पडतो. सात दिवस वीणा जमिनीला काय, पाटालाही लागता कामा नये. लागली की सप्ता मोडला. मोडला की गावावर काय काय संकटं येतात ते सांगायला म्हातारी माणसं बसलेलीच असतात.

म्हणजे मास्तरांना नुसती वीणा घ्यायची नव्हती. आधी माझ्या पायाशी वाकायचं होतं.

आमचं गाव पेणहून रोह्याकडे जाताना रस्त्यापासून आत आहे. पावसाळ्यात भात, मग वाल. मास्तरांचं घर पूर्वीच्या खोतांचं. खोती गेली, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मास्तर पेणला हायस्कुलात हेडमास्तर होते. कुणाच्या पोराला शाळेत घ्यायचं, कुणाला शिपायाच्या नोकरीला लावायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. मीही त्यांच्याच शाळेत दहावीला होते.

सप्त्यात आमची जागा मंडपाबाहेर, चपलांपाशी. माझा बाप माळकरी. दरवर्षी सप्ता बसायच्या आदल्या दिवशी तो आपली तुळशीची माळ नव्या दोऱ्यात ओवायचा आणि हात जोडून म्हणायचा, “देवा, आनखी एक वरीस तुजी चाकरी.” त्याच्या मागून आम्हीही तेच म्हणायचो. त्याची चाकरी म्हणजे गावाच्या चपला राखायच्या आणि तुटलेल्या फुकट शिवून द्यायच्या. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. देव दिसायचा नाही, माणसांच्या पाठी दिसायच्या. मला वाटायचं, असाच असतो देव.

त्या दिवशी दुपारची पंगत देवळामागं बसली होती. वालाच्या बिरड्याचा वास चपलांपर्यंत येत होता. मंडपात वीणेवर धोंडूतात्या एकटे. कुणबी म्हातारा, सप्ताभर उपास धरणारा. त्यांचा आवाज बारीक झाला. मग ते डुलायला लागले. मी बाहेरून ओरडले, “तात्या!” त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“धर गो पोरी. धर, खाली जाईल.”

मी धावले. चपला तुडवत आत गेले. मी कोण, कुठली, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या. त्यांनी आपल्या हातानं वीणा माझ्या गळ्यात घातली, खांबाला टेकले आणि तसेच खाली घसरले. मी तार छेडत राहिले. नाव इतक्या मोठ्यानं घेतलं की पंगतीतली माणसं खरकट्या हातांनी धावत आली. त्यांनी तात्यांना उचलून घरी नेलं. त्या गडबडीत माझ्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग गेलं. आणि पुढचा पहारा मास्तरांचा होता.

“पन मास्तर, खाली ठेवली तर सप्ता मोडंल,” पखवाजावरचा माणूस म्हणाला.

“मोडला तर हिच्या हातून मोडला.”

मास्तर हे शांतपणे म्हणाले. वर्गात गणिताचं उत्तर सांगावं तसे. तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. ठेवली, तर देवाचा सप्ता चांभारणीनं मोडला. उद्या कुणाची म्हैस मेली तरी ती माझ्यामुळं. नाही ठेवली, तर हात गळून पडेपर्यंत मी उभं राहायचं. दोन्हीकडून मरायचं मीच. मास्तरांच्या अंगाला काहीच लागत नव्हतं.

मी तार थांबवली नाही. तशीच म्हणाले, “कुनी घेता काय?”

मंडपात मुंग्यांसारखी माणसं होती. दिंडीत एकमेकांना मिठ्या मारणारी. सगळी खाली बघायला लागली. एकजण पुढं सरकला होता, त्याच्या बायकोनं त्याचा सदरा मागून धरला. त्यांचा पोरगा त्या वर्षी हायस्कुलात जायचा होता. मी त्यांना तेव्हा शिव्या दिल्या नाहीत, आज देते. मनातल्या मनात, रोज नाही, पण देते.

मास्तर खुर्ची मागवून बसले. वाट बघत. माझ्या बोटाची कातडी तारेनं सोलली. घसा कोरडा पडला. मी पाणी मागितलं. मास्तरांच्या घरची एक बाई तांब्या घेऊन आली आणि लांबूनच म्हणाली, “ओंजळ कर.” वरून ओतायचं, तसंच आम्ही पाणी प्यायचो. पण ओंजळ करायची तर दोन्ही हात सोडायला लागतात. माझ्या हातात वीणा. बाई तांब्या घेऊन परत गेली. मला तिचं नवल वाटलं. तांब्या माझ्या तोंडाला लावणं तिला सुचलंच नाही.

मग बाप आला. कधीच आत न आलेला बाप मंडपाच्या कडेला येऊन उभा राहिला, हात जोडून. देवाकडं तोंड करून नाही. मास्तरांकडं.

“ठेव गो बाय,” तो मला म्हणाला. “ठेव. आपल्याला ह्या गावात ऱ्हायाचं हाय.”

“सप्ता मोडंल, बाबा.”

“मोडू दे. आपल्यावर येल ते येल. ठेव.”

मास्तरांचं बोलणं मी सोसलं होतं. बापाचं सोसवलं नाही. जो माणूस दरवर्षी आम्हाला देवाची चाकरी म्हणायला लावायचा, तोच आता देवाचं मोडायला सांगत होता. म्हणजे इतकी वर्षं तो चाकरी कुणाची करत होता? भीतीची. खोताच्या घराची. देवाचं नाव नुसतं वर लावलेलं. मला त्याचा राग आला. तो आता नाही, राग अजून आहे.

मी त्याच्याकडं पाठ केली. पाठ केली तेव्हा समोर देव आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला समोरून बघितलं. मला वाटायचं त्याहून तो कितीतरी लहान होता. काळा, कमरेवर हात. एका डोळ्याचा रंग उडालेला. त्याच्या आणि माझ्यामध्ये कुणीही नव्हतं. मी त्याच्याशी बोलले. ओठ हलले असतील, आवाज नव्हता.

म्हटलं, देवा, आणखी एक वर्ष नाही. जिवात जीव आहे तोवर तुझी चाकरी. तुझीच. ह्यांची एक दिवससुद्धा नाही.

आणि मी चालायला लागले.

“ए, कुठं निघालीस?” मास्तर खुर्चीतून उठले.

“पहारा चालू हाय माझा. घ्यायचा आसंल त्यानं माझ्या हातातनं घ्यावा. पाया पडून.”

वाट आपोआप झाली. मला अडवायचं तर शिवायला लागलं असतं. मी मंडपातून बाहेर आले, बापानं राखलेल्या चपलांच्या रांगेवरून, कापलेल्या शेतातून, आमच्या आळीत. तोंडात नाव, बोट तारेवर. आई दारात काहीतरी निवडत होती. तिनं मला बघितलं, सूप बाजूला ठेवलं, हात धुतले. माझ्या पाया पडली आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. माझी आई माझ्या पाया पडली. मग मी तिच्या पडले, आणि तिथंच ढसाढसा रडले.

सप्त्याचे दोन दिवस उरले होते. ते आमच्या आळीत झाले. बायकांनी पहारे केले, ज्यांना कधी टाळाला हात लावू दिला नव्हता त्यांनी. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील आला. देवळाची वीणा चोरली म्हणून तक्रार होती. मी वीणेवर होते. म्हटलं, “ही घ्या.” चोरीचा माल समोर, आणि तो हातात घ्यायची त्याची हिंमत होईना. वही न उघडताच परत गेला.

गावानं रोह्याहून दुसरी वीणा आणली, मंडप धुतला आणि सप्ता नव्यानं मांडला. आमचा सप्ता पुरा झाल्यावर आम्ही निरोप धाडला, तुमची वीणा घेऊन जा. उलटा निरोप आला, बाटलेली वीणा नको. तेव्हापासून ती आमच्याकडंच आहे.

बाप आमच्या सप्त्यात आला नाही. तो मंडपाबाहेर चपला राखत बसला, शेवटच्या दिवसापर्यंत. मरेपर्यंत त्यानं ती वीणा गळ्यात घातली नाही.

शाळेत मास्तर मला एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या नावाची हजेरी घ्यायची तेवढी बंद झाली. मी रोह्याच्या नदीपल्याड अष्टमी गावात मावशीकडं जाऊन राहिले, पूल ओलांडून रोह्याच्या शाळेत गेले, पुढं तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला लागले. लग्न करून पुन्हा गावात आले, कारण नवरा आमच्याच आळीतला. बौद्धवाडीतली पोरं मला म्हणायची, “आक्के, ज्या देवानं तुला चपलांपाशी बसवलं, त्यालाच धरून कशाला बसलीस?” त्यांचा राग खरा होता. मी त्यांच्याशी भांडले नाही. एवढंच म्हटलं, मला देवानं बसवलं नव्हतं, मास्तरांनी बसवलं होतं. आणि देवाचा सातबारा काही मास्तरांच्या नावावर नाही. तो मी त्यांना का सोडू?

दरवर्षी आमच्या आळीत सप्ता होतो. दरवर्षी मी तेच बोलते, जे त्या दिवशी देवाशी बोलले होते. काही वर्षी तोंडातून शब्द निघता निघत नाहीत. नवरा गेला त्या वर्षी तर मी देवाला वाट्टेल ते बोलले. पण पहारा चुकवला नाही.

गेल्या आठवड्यात मास्तरांचा मुलगा आला. मास्तर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हा राहतो पनवेलला, डोलवीच्या बाजूला कंपन्यांना माणसं पुरवायचं कंत्राट घेतो, आणि देवळाचा अध्यक्ष आहे. नवं देऊळ सिमेंटचं, टाइल्सचं. सोबत दोन माणसं. त्यांनी माझ्या घरचा चहा घेतला, आणि आपण चहा घेतोय हे मला नीट दिसेल असा घेतला.

“बाई, यंदा सप्त्याचा सुवर्णमहोत्सव आहे. तुमचा सत्कार करायचा ठरलाय. शाल, श्रीफळ. स्टेजवर पालकमंत्रीपण येतील बहुतेक. काळ बदललाय आता.”

“मला पहारा द्या,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“सप्त्यात पहारा. माझ्यानंतरचा तुमचा लावा. माझ्या हातातनं वीणा घ्या.”

तो हसला. सोबतच्यांकडं बघून हसला. “कशाला त्या जुन्या गोष्टी उकरायच्या? पहाऱ्याची यादी वडीलधाऱ्यांनी लावलेली असते. त्यांची मनं कशी दुखवायची? तुम्ही स्टेजवर या ना. मानानं.”

मन त्यांचंच दुखतं. आमच्याकडं मन असतं हे अजून त्यांच्या कानावर गेलेलं नाही. मी त्यांचे कप उचलले आणि म्हटलं, “सत्कार नको.” ते गाडीत बसून गेले.

परवा सप्ता बसतोय. माझे गुडघे दुखतात, बोटं वाकडी झालीत, पण वीणा पेलते अजून. आळीतल्या बायकांना मी सांगून ठेवलंय. यंदा आपला सप्ता आळीत नाही. सकाळी आंघोळ करून, वीणा गळ्यात घालून, नाव घेत मी त्या नव्या देवळात शिरणार आहे. चपला बाहेर काढीन, त्यांच्यापाशी थांबणार नाही. देवासमोर जाऊन उभी राहीन आणि पहारा करीन. त्याची चाकरी करायला मला कुणाचं बोलावणं लागत नाही. ज्याला वाटतं की लागतं, त्यानं पुढं यावं आणि माझा हात धरून मला बाहेर काढावं.