बाळाच्या खिडकीखालची गाडी

आमची गाडी चालायची रविवारी, पण सुरू व्हायची रोज. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत ज्या मोजक्या लोकांकडे गाडी होती, त्या सगळ्यांचं असंच होतं. बाबा मोहने गावातल्या कारखान्यात ट्रेनने जायचे. पेट्रोल जाळत एवढ्या लांब कोण जाणार? पण गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. म्हणून सकाळी आंघोळीच्या आधी, लुंगी-बनियनवर, बाबा गाडीत जाऊन बसायचे आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचे. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. मधूनच आरशात बघायचे, जणू मागून कोणी येतंय.

गाडी तेव्हा टॅक्सीवाल्यांकडे असायची तीच, फक्त क्रीम रंगाची. आमच्या आधी तिचे दोन मालक होऊन गेले होते. ती तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीला खेटून उभी असायची, कारण तिथून बाबांना झोपेतसुद्धा तिच्यावर लक्ष ठेवता यायचं. ही सगळी व्यवस्था आम्हाला इतकी सवयीची झाली होती की ताई बाळंतपणाला घरी येईपर्यंत त्या खिडकीतून धूर आत येतो हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. ताईला मुलगी झाली आणि दोघींची खाट त्या खिडकीपाशी टाकली गेली, कारण वारा तिथेच यायचा. ताईचं सासर डोंबिवलीला. बाबांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "नातीला मी माझ्या गाडीतून तिच्या घरी पोचवणार. रिक्षा नाही, ट्रेन नाही." गाडी घेतल्यापासून ते अशा एखाद्या दिवसाची वाट बघत असावेत. ताईला लग्नानंतर त्यांनी ट्रेनने पाठवलं होतं, आणि ते त्यांना लागलेलं होतं, असं आई म्हणायची.

त्याच सुमाराला पेपरात बिनशिशाच्या पेट्रोलबद्दल येऊ लागलं. आमच्या घरी इंग्रजी पेपर माझ्यासाठी येत असे. बाबा म्हणायचे, एवढं इंग्लिश मीडियममध्ये घातलंय तर वाच. मी वाचलं. नेहमीच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, ते धुरातून हवेत जातं, आणि लहान मुलांच्या, त्यातही तान्ह्यांच्या, मेंदूला त्याचा अपाय होतो. वाचून मी मान वर केली तर बाहेर इंजिन चालू होतं आणि बाळ खिडकीखाली हातपाय उडवत पडलं होतं.

मला घरात कुठलीही गोष्ट सरळ सांगायला जमत नसे. मी आधी ताईला सांगितलं, आणि ताईने स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडून सगळ्यांना.

"आई, ही म्हणत्येय बाबांच्या गाडीने माझी पोरगी ढ होणार!"

आई शेगडीत निखारे घालत होती. बाळंतिणीची रोजची धुरी: ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं. सगळं घर त्या धुराने भरून जायचं, ताईच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बाळ त्याच धुरात शेकून शांत झोपायचं.

"धुराने कोणी ढ होत नाही," आई म्हणाली. "तुम्ही दोघी याच धुरात वाढलात."

"आई, हा वेगळा धूर. यात शिसं आहे."

"मग खिडकी लाव."

मी खिडकी लावली. दोन मिनिटांत शेगडीचा धूर खोलीत कोंडला आणि बाळ खोकलं. आईने स्वतःच उठून खिडकी उघडली. "हा धूर जाणार कुठे मग?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, जणू तो प्रश्न मीच तयार केला होता. बाहेर बाबांचं इंजिन अजून चालू होतं. एक धूर बाहेर जात होता आणि दुसरा आत येत होता, आणि खिडकी एकच होती.

बाबांनी मात्र माझं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी पेपर मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि तडक मेकॅनिककडे गेले. परत आले ते चेहरा पाडून.

"तो म्हणतो, बिनशिशाचं घातलंत तर वॉल्व खाऊन टाकेल. जुन्या इंजिनला शिसं लागतं म्हणे. वॉल्व गेले की डोंबिवली विसरा."

"मग दुसरं काही?"

"ऑक्टेन जास्त असलेलं भरा म्हणाला. त्याने इंजिन गार राहतं."

"पण त्यात शिसं असतंच ना?"

"ते त्याला ठाऊक नाही. तो म्हणाला, तुमची मुलगी शिकलेली आहे, तिला विचारा."

गाडीबरोबर आलेलं छोटं पुस्तक मी काढलं. त्यात ऑक्टेनचा आकडा होता, टायरमधल्या हवेचा होता, शिशाबद्दल अवाक्षर नव्हतं. ते पुस्तक छापलं तेव्हा शिसं असणारच हे इतकं गृहीत होतं की कोणी लिहिलंच नसावं. ऑक्टेन म्हणजे नक्की काय, हे मला अजिबात कळलेलं नव्हतं. बाबांना वाटत होतं मला कळलंय आणि मी सांगत नाहीये.

मग ताईनेच तोडगा काढला. "सुरू करायच्या आधी ढकलत गेटपर्यंत न्या की. तिथे काय तो धूर सोडा."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या इमारतीत नवीन प्रथा सुरू झाली. बाबा दारातून एक हात आत घालून स्टिअरिंग धरायचे, मी मागून ढकलायचे, आणि दूध आणायला निघालेला, पेपर घ्यायला उतरलेला जो कोणी असेल तो हात लावायचा. "काय हो, बंद पडली?" प्रत्येक जण विचारायचा. "नाही नाही, चालू आहे," बाबा म्हणायचे, "चालू करायला चाललोय." माणसं बुचकळ्यात पडून ढकलायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळी कॉलनी गॅलरीत ब्रश करत उभी, आणि मी मॅक्सीवर ओढणी घेऊन एका धडधाकट गाडीला ढकलतेय. परत आणताना ती आपल्या पायाने यायची, पण इमारतीच्या कोपऱ्यापर्यंतच. तिथे बाबा इंजिन बंद करायचे आणि पुन्हा ढकलाढकली.

आठवडाभर हे सुरळीत चाललं. मग एका सकाळी गेटजवळच्या तळमजल्यावरच्या मावशी बाहेर आल्या. त्या मूळच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. मासळी घेऊन बाजारात निघायच्या तयारीत होत्या, डोक्यावर चुंबळ, कडेवर वर्षा-दीड वर्षाचा नातू.

"काय रं भाऊ," त्या बाबांना म्हणाल्या, "पेशल माज्या दारात धूर सोराला आनता का गारी?"

बाबा गडबडले. "तसं नाही हो मावशी, घरात तान्हं बाळ आहे ना, त्याला त्रास नको म्हणून..."

"तुमची नात ती नात, न माजा नातू काय चिंबोरी हाय? डांबून ठेवला टोपलीन तरी जगल?"

खेकड्याची उपमा ऐकून गॅलरीत कोणीतरी मोठ्याने हसलं. मावशीही हसल्या, पण नातवाचं नाक त्यांनी पदराने झाकलं. तो पदराआडून गाडीकडे बघत होता. गेला आठवडाभर तो तिथेच असला पाहिजे, त्याच दारात, आणि आम्ही रोज सकाळी गाडी त्याच्यापाशी नेऊन मग किल्ली फिरवत होतो. बाबांनी इंजिन बंद केलं. घरी आल्यावर आंघोळीला जाताना म्हणाले, "रविवारी पंपावर जाऊ. तू चल. तू ठरव."

रविवार यायच्या आत पेपरात आणखी एक लेख आला. मला वाटतं तो आला नसता तर बरं झालं असतं. त्यात लिहिलं होतं की बिनशिशाचं पेट्रोल नव्या गाड्यांसाठी आहे. त्यांच्या धुराच्या नळीत एक यंत्र असतं, ते धूर साफ करतं. जुन्या गाडीत ते पेट्रोल घातलं तर शिसं जात नाही खरं, पण दुसरंच काही विषारी हवेत जातं. मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. पहिला लेख ज्या पेपरात होता त्याच पेपरात हा होता, तितक्याच ठाम इंग्रजीत.

हे मी बाबांना सांगितलं, तेही पंपाच्या रांगेत उभे असताना.

"म्हणजे दोन्ही वाईट?" बाबांनी विचारलं.

"हो. म्हणजे... वेगवेगळ्या तऱ्हेने."

"मग कमी वाईट कुठलं?"

"बाळासाठी की गाडीसाठी?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तो प्रश्न परत घ्यावासा वाटला. बिनशिशाचा पंप कडेला होता, हिरवा रंगवलेला, आणि त्यापुढे एक नवी कोरी गाडी सोडली तर कोणी नव्हतं. पंपावरचा माणूस खिडकीशी वाकला. "साहेब, साधं की अनलेडेड? जुनी गाडी आहे, साधंच टाका ना."

"मॅडमना विचारा," बाबा म्हणाले.

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मॅडम म्हणत होतं, आणि मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. टाकीत अजून जुनं पेट्रोल उरलेलं होतं. त्यात हे मिसळलं तर काय होईल, हे कुठल्याच लेखात नव्हतं. शिशाबद्दल लिहिताना त्यांनी तान्ह्या बाळांचा उल्लेख केला होता. त्या दुसऱ्या विषाबद्दल लिहिताना केला नव्हता. माझ्याकडे एवढाच आधार होता.

"अनलेडेड," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की बाबांना ते पंपवाल्याला पुन्हा सांगावं लागलं.

ताईला पोचवायचा दिवस आला तेव्हा गाडीने ती टाकी जवळजवळ संपवली होती, आणि बाबांनी मला न विचारता तेच पुन्हा भरून आणलं होतं. मागे ताई आणि आई, मांडीवर बाळ, पायाशी झबल्या-टोपड्यांची पिशवी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. पुढे मी. कळवा, मुंब्रा, पुढचा चढ. चढाला इंजिनमधून टक-टक-टक असा आवाज यायला लागला.

"आधी पण यायचा का हो हा आवाज?" आईने विचारलं.

"आधी कधी ऐकला नाही," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आधी कधी नीट ऐकलंच नाही."

मी कानात प्राण आणून बसले होते. वॉल्व खाल्ले जाताना असाच आवाज येतो का, की जुन्या गाडीत चार जणं बसली की असाच येतो? बाबांनी गिअर बदलला, गाडी धापा टाकत वर चढली, शीळफाट्याला वळली, आणि सपाटीला आवाज थांबला. घामाने बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ताईच्या सासरच्या इमारतीखाली गाडी उभी केली तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, चटका बसून काढून घेतला, आणि भाकरतुकडा ओवाळायला खाली आलेल्या विहीणबाईंकडे बघून इतके हसले की मी त्यांना तसं हसताना क्वचितच पाहिलंय. नात त्यांच्याच गाडीतून आली होती.

वर चहा झाला. दिवेलागणीच्या सुमाराला हवेत कसलातरी उग्र वास पसरला, आधी गोडसर, मग घशात टोचणारा. विहीणबाई बोलता बोलता उठल्या आणि एकेक खिडकी लावत गेल्या, आपल्याकडे डास येतात म्हणून लावतात तशा.

"एमआयडीसीचा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सोडतात. रोजचंच आहे. जातो थोड्या वेळाने."

बाबांनी कप खाली ठेवला.

ताईने मला आतल्या खोलीत बोलावलं. बाळ पलंगावर होतं, खिडकी बंद होती आणि पंखा सुरू असूनही त्याच्या कपाळावर घाम जमला होता. त्याने अंगावरचं दुपटं पायाने उडवून लावलं होतं.

"गुदमरतंय गं ते," ताई हळू म्हणाली. "तू एवढं वाचलंयस. सांग, खिडकी उघडू की राहू दे?"

मी काचेपाशी गेले. बाहेर समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, आणि एका गॅलरीत एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे निवांत काढत होती. त्या वासाचं नाव मला माहीत नव्हतं. त्याच्याबद्दल मी कुठे काही वाचलेलं नव्हतं.

"बंद राहू दे," मी म्हणाले. मग बाळाच्या कपाळावरचा घाम माझ्या ओढणीने पुसला, आणि बोटभर फट राहील एवढी खिडकी उघडली.