वहिनींचा दुसरा प्रश्न

दिनेशचा फोन आला तेव्हा मी करंजाड्याच्या घरी शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत होते. "काकी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. हिरावहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, जाऊन आता पाच आठवडे होतील. आजारी होत्या का, असं लोक विचारतात. नव्हत्या. सकाळी कोलंबी सोलता सोलता गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायला बसले खरी, पण ज्यांना माझं कौतुक वाचायचं असेल त्यांनी पान उलटलेलं बरं.

मोऱ्याच्या कोळीवाड्यात मी लग्न होऊन आले तेव्हा माझं बीएड अर्धवट होतं. झालं तेवढं पुरे, असं सासूबाईंचं मत. वहिनी स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी बाजारातली मासळीची पाटी सांभाळलीच, वर माझ्या वाट्याचं चुलीचं कामही उचललं. "तू शालेत जा गो बाय, घरचं मी बगतंय," हे त्यांनी सासूबाईंच्या देखत सांगितलं. मी पनवेलच्या शाळेत भूगोलाची शिक्षिका झाले, पुढे करंजाड्याला फ्लॅट घेतला, आणि हे सगळं आपण एकटीनेच केलं असा तोरा मला कधी चढला ते कळलंही नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिनेश, त्यांचा एकुलता एक, मालवाहू जहाजावर नोकरीला होता. निघताना आफ्रिकेत डर्बनला जातोय म्हणाला आणि नंतर त्याचा फोन नाही. इकडे टीव्हीवर आफ्रिकेत साथ पसरल्याच्या बातम्या, माणसं पटापट मरतायत म्हणून. एका रविवारी वहिनी मोऱ्याहून दोन बस बदलून माझ्या दारात आल्या. नेमक्या तेव्हा शाळेतल्या तीन शिक्षिका माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. वहिनींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "बाय, त्या आफ्रिका देशात तालुकं किती गो? साथ कुठल्या तालुक्यात हाय?"

पहिली हसले ती मीच. मग बाकीच्या हसल्या. "वहिनी, आफ्रिका देश नाही हो, खंड आहे. खंडात पन्नासेक देश, एकेका देशात प्रांत, तालुके त्याच्याही खाली," असं मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. म्हटलं तर चूक काहीच नव्हतं त्यात. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. मोरा उरणात, उरण रायगडात, रायगड महाराष्ट्रात... त्या बोटांवर मांडत गेल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "मंग दिनेशचा देश आनि साथीचा देश बाजूबाजूला हायेत का?"

इतका नेमका प्रश्न मला उभ्या नोकरीत कुणी विचारला नाही. मी मात्र कपात चहा ओतत होते. "नकाशात बघून सांगते नंतर," म्हणाले. नकाशांचं पुस्तक मागच्याच कपाटात होतं. उठायचा कंटाळा केला, आणि खरं सांगायचं तर त्या बायकांसमोर मासळीचा वास येणाऱ्या माझ्या जावेला नकाशा दाखवत बसायचं मला नको होतं. वहिनी आल्या पावली गेल्या. पुढे दिनेशचा फोन आला, आणि मला वाटलं, विषय मिटला.

मिटला कुठला... मी तो वर्गात नेला. खंड, देश, प्रांत शिकवायचे म्हटले की दरवर्षी माझी गोष्ट ठरलेली: "एक बाई होत्या, त्यांनी मला आफ्रिकेचे तालुके विचारले." वर्ग खदखदून हसायचा आणि पोरांच्या डोक्यात धडा पक्का बसायचा. मी त्याला शिकवण्याची हातोटी म्हणायचे. वहिनींचा दुसरा प्रश्न मात्र मी कधीच सांगितला नाही. तो सांगितला असता तर हसणं माझ्यावर आलं असतं.

बाराव्याला मोऱ्याला गेले तेव्हा दिनेश सहज म्हणाला, "काकी, तवा मी डर्बनला होतो. साथ पार लांब, पश्चिमेला. माजा फोन लागंपर्यंत आई नुसत्या चायवर होती. मी बोललो, कोनाला विचारायचं नाय का? तं बोलली, विचारलं का लोक हसतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यात दिनेशची मुलगी श्रेया मला बाजूला घेऊन गेली. ती आता कॉलेजात आहे, पण सातवीत बसने पनवेलला यायची, माझ्याच वर्गात होती. "छोटी आजी, ती तालुक्यांची गोष्ट मी घरी आजीला सांगितली होती. हसत हसत. आजी म्हणाली, ती बाई मीच." मी विचारलं, आणखी काय म्हणाली? "म्हणाली, तुला कललंय ते छोट्या आजीला सांगू नको. वर्गात तुज्याकं बगताना तिला लाज वाटंल."

त्यानंतरही वहिनी माझ्याकडे किती वेळा आल्या. दर वेळी माझ्यासाठी निवडून, साफ करून कोलंबी आणली. एकदाही नजरेत काही दिसू दिलं नाही. ज्या लाजेपासून त्या मला जपत राहिल्या, ती मला तोवर शिवलीही नव्हती.

मंडळी जेवून उठल्यावर मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मोरीशेजारी, जिथे त्या मासळी निवडायला बसत, तिथली फरशी बसून बसून गुळगुळीत झाली आहे. मी तिच्यासमोर खाली बसले. नकाशा मला तोंडपाठ आहे, तेव्हाही होता.

"नाय वहिनी," मी म्हटलं, "बाजूबाजूला नाय. मधी दहा-एक देश हायेत. तुमी जेवून घ्या."