जुना टाईम, नवा टाईम आणि पहूरची छोटी गाडी

धुळे स्टेशनात तिकिटाच्या खिडकीशेजारी एक मोठा कागद चिकटवलेला आहे. लढाई चालू आहे, गरज असेल तरच प्रवास करा, असा त्याचा मजकूर. पौषातल्या त्या गुरुवारी पहाटे मी त्या कागदाखाली उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, गरज आहे. दोन वर्षं मी माझ्या सख्ख्या बहिणीशी बोललेले नाही.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पहूरला दिलेली, घरची कपाशी, दोन बैलजोड्या. दोन वर्षांपूर्वी मी तिला कार्ड टाकलं होतं, "गुरुवारी दुपारी एक वाजता गाडीने पोचते, बैलगाडी पाठव." मी उतरले, तर फलाट रिकामा. अर्धा तास बसले. तेवढ्यात जळगावला जाणारी उतारूंची मोटार आली, तिच्यात चढले आणि परत गेले. रागाने पुढे पत्र लिहिलं नाही. अक्काला लिहिता येत नाही, त्यामुळे तिकडूनही काही आलं नाही. आता ऐकते, लढाईसाठी कितीतरी लहान फाट्यांचे रूळ उपटून परदेशी नेले. पहूरचेही नेले तर? मग मी पुन्हा कार्ड टाकलं. मजकूर तोच, गुरुवार, दुपारी एक.

तुम्हाला याच वाटेने जायचं असेल तर धुळ्याहून पहाटेची गाडी धरून चाळीसगावला उतरा. तिथे मोठी गाडी मिळते, ती पाचोऱ्याला सोडते. बायकांच्या डब्यात पाठ टेकायला जागा मिळेल अशी आशा धरू नका. पाण्याची सुरई आणि दशम्या घरून घ्या. मी लुगड्याच्या घडीत रेशनची साखर बांधून घेतली होती. अक्काला गोड चहा लागतो.

पाचोऱ्याला पलीकडच्या फलाटावर छोटी गाडी उभी असते. रुळांमधलं अंतर इतकं कमी की मोठ्या गाडीतून उतरून हिच्याकडे पाहिलं की हसू येतं. डबे ठेंगणे, समोरासमोरच्या बायकांचे गुडघे एकमेकींना लागतात. दोन्ही बाजूंना कपाशी, वेचणीला वाकलेल्या बाया, आणि इंजिनाचा धूर थेट आपल्या पदरात. माझ्यासमोर एक म्हातारी टोपलीभर वांगी घेऊन बसली होती. धुराने खोकत होती, तिला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, "आजी, लंडन शहरात जमिनीखालून गाडी काढली, तेव्हा तिलाही असंच कोळशाचं इंजिन होतं. लोक बोगद्यात हा धूर गिळत जायचे."

"जमीनखाल?" तिने वांगी सावरली. "जित्ता मानूस कसाले जाई तठे?"

डबाभर हसू झालं. मी घड्याळ पाहिलं आणि बारा वाजले म्हणाले.

"जुना टाईम का नवा?" म्हातारीने विचारलं.

"नवा."

"मंग आमना आखो अकराच शेतस. आमना बठ्ठा गाव सूर्यावर चालस, माय. सरकारनं घड्याळ पुढे कयं, सूर्य थोडाच पुढे जास?"

लढाईमुळे सरकारने साऱ्या देशाची घड्याळं तासभर पुढे केली, ती मी पहिल्या दिवशीच केली होती. धुळ्यात शाळा, कचेरी, दवाखाना सगळं नव्या वेळेवर. अक्का मात्र अंगणातली सावली पायाखाली आली की दुपार मोजते. माझा एक वाजला तेव्हा तिचे बारासुद्धा झाले नसतील. ती पोचण्याआधीच मी मोटारीत बसून गेले होते. आणि या खेपेच्या कार्डातही मी तेच लिहिलं होतं.

गंमत अशी की असल्या गोष्टींची मला लहानपणापासून हौस. वडील धुळे स्टेशनात नोकरीला. रेल्वेचा पास मिळे, म्हणून मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवता आलं. तिथल्या सिस्टर सांगत, इंग्लंडात ब्रिस्टल गावच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत, एक गावच्या वेळेचा, एक रेल्वेच्या. अमेरिकेत रेल्वेने वेळा ठरवल्या, त्या दिवशी काही गावांत दुपारचे बारा दोनदा वाजले. आपल्याकडेही आधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावे. मग देशाची एक वेळ ठरली आणि वडिलांनी स्टेशनातलं घड्याळ नऊ मिनिटं पुढे सरकवलं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, सुट्टीला घरी होते. घरी आल्यावर त्यांनी ते सांगितलं, तेव्हा अक्काने चुलीपुढून विचारलं, "आबा, ती नऊ मिनिटं कोठे गई?" आम्ही सगळे तिला हसलो. मी सर्वांत जास्त हसले, कारण मी शाळेत जात होते.

पहूर यायच्या आत मी ठरवलं, आज कितीही मोटारी येवोत, उठायचं नाही.

गाडी थांबली. फलाटावरच्या निंबाखाली, गाठोडं मांडीशी घेऊन, अक्का बसलेली. पार वाळली होती. पलीकडे बैल सोडून ठेवलेले, पुढ्यात टाकलेला कडबा निम्मा संपलेला.

पोर्टर माझी पेटी उचलत म्हणाला, "सकाळपासून आहेत. म्हटलं, अक्का, गाडीला वेळ आहे, घरी जा. ऐकतात कुठे? म्हणाल्या, यंदा दोन्ही टाईम धरीसन बसनू."

अक्का उठली नाही. मी तिच्याशेजारी खाली बसले. ती म्हणाली, "त्या दिनले मोटारनी धूळ दखी मी. वळणवर होतू. मंग ह्या पोर्टर नानानी सांगं, चष्मावाली बाई अर्धा घंटा बसनी आन गई."

"मला वाटलं, तू आलीच नाहीस."

"माले वाटनं, शिकेल बाई शे, रागनी आशीन." तिने माझा हात धरला. "आगोदर नऊ मिनिटं गयात. आते तास गया. सरकार हाई बठ्ठं कोठे ठेवस ते तू सांग. तू शाळामां गयेल शे."

या वेळी मला हसू आलं नाही. तीच आधी हसली, मग मीही.

दोन दिवस राहिले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, वर कच्चं तेल. हिवाळ्यात गेलात तर हे चुकवू नका. साखरेची पुडी अक्काने फडताळात लपवली आणि मला गुळाचा चहा पाजला. घरात घड्याळ नाही. सावली उंबऱ्याला लागली की ताटं वाढली जात. माझ्या मनगटावरचं घड्याळ मी पेटीत टाकलं.

परतताना जळगावची मोटार घेतली. लढाईत पेट्रोल नाही, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. मागे भट्टी असते. चढण आली की ड्रायव्हर ओरडतो, "उतरा भाऊ, तिले दम लागना," आणि सारे उतारू शेजारून चालतात. घाई असेल तर या वाटेला जाऊ नका. जळगावला मेहरूणच्या तळ्याकाठी तासभर बसले, केळी खाल्ली आणि गाडीने धुळ्याला आले.

घरी येऊन महिना झाला. धूर बसलेलं लुगडं दोनदा धुतलं, वास अजून आहे. मला राहून राहून निंबाखालचा तो निम्मा संपलेला कडबा आठवतो. बैल तेवढा खाईपर्यंत ती तिथे बसली होती.

परवा पहूरहून कार्ड आलं. अक्काने तिथल्या मास्तरांकडून लिहवून घेतलंय. कपाशी आटोपली की ती धुळ्याला येते आहे, लग्नानंतर दुसऱ्यांदाच. पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या गाडीने.

कुठल्या टाईमचे चार, ते लिहिलेलं नाही. स्टेशनात चौकशी केली तर पाच मिनिटांत कळेल. मी चौकशी करणार नाही. दशम्या बांधून घेईन आणि सकाळीच जाऊन बसेन.